निरोगी, क्रमांक एक्केचाळीस

४ सप्टेंबर

टिल्लू,

पाकिटावर माझं अक्षर बघून भुवया वर गेल्या असतील, तर आधी त्या खाली आण. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली, आणि हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस हे मला दिसतं आणि उत्तर देत नाहीस हेही दिसतं. म्हणून पोस्टाने लिहिते. शिवाय सोबतच्या कागदावर शाईची सही लागते, ती फोनवरून होत नाही. सेहेचाळीस वर्षांच्या, सहा फुटी, लोकांच्या लिफ्ट तपासून पास-नापास करणाऱ्या सरकारी माणसाला टिल्लू म्हणू नये हे मला कळतं. पण दुसरं काही लिहायला गेले की पेन अडतं.

आता मुद्द्याचं. मी अजून त्याच लॅबमध्ये आहे आणि अजून तेच काम करते. लोकांची लघवी आणि रक्त घ्यायचं, छोट्या नळ्यांत भरायचं, नंबर चिकटवायचा, उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे लॅबच्या प्रमुख, गेली आठ वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे आहेत. पित्तनलिकेचा कॅन्सर सुई न टोचता, तोंडातून नळी न घालता ओळखता येईल का? ती नलिका पोटात इतकी आत, यकृताच्या आडोशाला असते की तिथे पोचेपर्यंत बहुतेकांची वेळ निघून गेलेली असते. हे तुला मी सांगायला नको. बाबांचं आपण दोघांनी पाहिलं आहे.

तर लघवीत उतरणारी तीन प्रथिनं अशी आहेत की ती या आजारात वाढतात. साध्या खड्यांच्या काविळीत तेवढी वाढत नाहीत, आणि निरोगी माणसात तर नाहीतच. हे सिद्ध करायला तीन गट लागतात. कॅन्सरचे, खडे-काविळीचे आणि निरोगी. नमुने गोळा करण्यातच वर्षं गेली. मशीनवर ते आत्ता या उन्हाळ्यात लागले.

निरोगी गटातला एक्केचाळिसावा नमुना वेडावाकडा आला. तिन्ही प्रथिनं धोक्याच्या रेषेच्या वर. बाईंनी तीनदा लावून पाहिला. मग म्हणाल्या, नळीत काहीतरी गफलत झालेली दिसते, टाकून देऊ. मी म्हटलं, टाकू नका. तो माझ्या वडिलांचा आहे.

हो. बाबांना मी निरोगी गटात घातलं होतं. सत्तरीपुढचे धडधाकट पुरुष मिळेनात, पन्नास पुरे व्हायचे होते आणि बाबा घरात बसून कंटाळले होते. लॅबमधल्या माणसांचे घरचे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. अर्जावर 'कर्मचाऱ्याशी नातं' असा रकाना असतो, तिथे मी 'नाही' वर खूण केली. ते जानेवारी होतं. बाबांचं निदान झालं सप्टेंबरात. म्हणजे आठ महिने आधी, आपल्याला कुणालाच काही ठाऊक नसताना, त्यांच्या लघवीच्या कपात ते होतं.

बाईंच्या दृष्टीने ही नळी सोन्याची आहे. निदान झाल्यावरचे नमुने ढिगाने मिळतात. निदानाच्या आधीचा कुणाकडेच नसतो, कारण निरोगी माणूस कशाला येतो लॅबमध्ये? पण बाबांनी सही केली होती ती निरोगी म्हणून. आता त्यांना रुग्णांच्या गटात हलवायचं आणि दवाखान्याचे कागद जोडायचे, तर वारसांच्या सह्या लागतात. वारस आपण दोघं. ३० सप्टेंबरपर्यंत दोन्ही सह्या नीतिसमितीकडे गेल्या नाहीत, तर नळी नष्ट करायची आणि आकडे पुसायचे. तसा नियमच आहे.

मी माझी सही केली आहे. तुझी कर आणि पाठव.

बाबा गेले त्या वेळी तू म्हणाला होतास, 'तुझ्या नाकाखाली होतं ताई, आणि तुला दिसलं नाही?' मी तेव्हा जे उत्तर दिलं तेच आजही आहे. दिसण्यासारखं काही नव्हतं.

ताई


१२ सप्टेंबर

टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तपासणीचा अहवालच तो. प्रश्न एक, प्रश्न दोन, प्रश्न तीन, खाली तारीख. 'कशी आहेस' हे चौथ्या नंबरला टाकलं असतंस तर काही बिघडलं नसतं. असो. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पाकीट आधी पाच मिनिटं नुसतं हातात धरून बसले. अजून 'ळ' तसाच काढतोस, कानातल्या रिंगेसारखा.

एक. नमुना बाबांचाच कशावरून? कुलपातल्या रजिस्टरवरून. बाबांची सही आहे, शेवटी ती लांब शेपटी काढायचे तशीच. शिवाय त्याच दिवशीची दुसरी नळी आम्ही वितळवून पाहिली. तिचेही आकडे तेच आले. नळीत गफलत नाही.

दोन. आठ महिने आधी कळलं असतं तर फरक पडला असता का? हे मी स्वतःच्या मनाने लिहिणार नव्हते, म्हणून वरच्या मजल्यावरच्या सर्जनना जाऊन विचारलं. बाबांचं पोट उघडून पुन्हा शिवणारे तेच. त्यांनी जुने फोटो काढून लावले. म्हणाले, 'गाठ यकृताच्या तोंडाशी होती. आमच्याकडे आले तेव्हा रक्तवाहिनीला वेढून बसली होती. जानेवारीत काढता आली असती का? कदाचित. काहींची काढतो आम्ही. त्यातले काही जगतात.' मी म्हटलं, कदाचित म्हणजे किती? तर म्हणाले, 'बाई, तुम्ही लॅबमधल्या आहात. एका माणसावरून टक्के काढतात का?' एवढंच बोलले. मी त्यात मीठ-मिरची घातलेली नाही.

तीन. तेव्हा बाहेरून काही दिसत होतं का? बाबा तीन जिने चढून आले. धाप लागली नाही. डोळे पांढरे स्वच्छ होते, मी खिडकीपाशी उभं करून पाहिले होते, कारण मला तशी सवयच आहे. वजन उतरलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून शेजारच्या माणसाशी शब्दकोड्यावरून वाद घालत होते. निघताना मला म्हणाले, 'तुमच्या संस्थेत एवढे शिकलेले लोक आणि कप ठेवायला एक कपाटाची फळी नाही?' अजून काय लिहू?

तुझ्या बायकोला माझा निरोप सांग. लेकीच्या परीक्षेचं काय झालं तेही कळव. ती मला फोन करते हे तुला माहीत नसेल तर आता माहीत झालं. तिला रागावू नकोस. आत्याशी बोलू नये असा काही सरकारी आदेश निघालेला नाही.

अठरा दिवस उरले आहेत.

ताई


१९ सप्टेंबर

टिल्लू,

काल तुझा कागद आला. सही आहे, तारीख आहे, साक्षीदार म्हणून तुझ्या बायकोची सही आहे. मागे पेन्सिलने लिहिलं आहेस, 'तुझ्या तिसऱ्या उत्तरावर विसंबून सही केली. तेव्हा मी जे बोललो ते चुकीचं असेल.'

तो कागद मी समितीला दिलेला नाही. या पाकिटात परत पाठवते आहे. सोबत आणखी एका कागदाची झेरॉक्स आहे. ती आधी बघ, मग पुढचं वाच.

पाहिलीस? नमुना घेताना भरायचा तक्ता आहे तो. प्रत्येकाचा भरतो आम्ही. वेळ, मात्रा, रंग, शेरा. अक्षर माझं आहे. रंग: गडद. शेरा: पाणी कमी पितात.

गडद म्हणजे किती, ते तू विचारशीलच. कडक चहासारखा. पित्ताची वाट अडली की ते लघवीत उतरतं आणि असा रंग येतो. हे आमच्याकडे झाडू मारणाऱ्या मावशींनाही माहीत आहे, आणि मी वीस वर्षं तेच काम केलेली बाई. मी कप उजेडात धरला आणि बाबांना म्हटलं, 'काय हो, टाकीत गंज चढलाय. पाणी पीत जा जरा.' ते म्हणाले, 'जुनी टाकी आहे, गंज चढायचाच.' आम्ही दोघं हसलो. मग मी झाकण लावलं.

माझ्या कोपराशी काड्यांचा डबा होता. कागदी काड्या असतात त्या. कपात बुडवली की मिनिटभरात कळतं, पित्त आहे का नाही. निरोगी गटाला काडी लावत नाहीत, आमच्या पद्धतीत बसत नाही. पण लावायची म्हटली असती तर कोण अडवणार होतं? हात पुढे गेला होता माझा. मग वाटलं, पद्धतीबाहेर काडी का लावली असं कुणी विचारलं तर? हा माणूस तुमचा कोण, असं विचारलं तर? नातं नाही म्हणून मी खोटी खूण केली होती ना. एक खोटं लपवायला हात मागे घेतला. घरी काड्या नेऊन उद्या बघू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाबा ठीक दिसले, तिसऱ्या दिवशीही दिसले. उद्याचं उद्यावर गेलं आणि मी विसरले. खरोखर विसरले, टिल्लू. मार्चमध्ये त्यांच्या अंगाला खाज सुटायला लागली तेव्हा मी साबण बदलून दिला.

मागच्या पत्रात तिसऱ्या उत्तरात जे लिहिलं ते सगळं खरं आहे. डोळे पांढरे होते, धाप नव्हती, वजन तेवढंच होतं. मी फक्त कपाचं लिहिलं नाही. तू बाहेरून असं विचारलं होतंस आणि मी त्या शब्दाला धरून सुटले. वकील व्हायला हवं होतं मी.

तुझ्या सहीने माझं काम झालं असतं. नळी वाचली असती, बाईंचा निबंध झाला असता, आणि माझ्यावरचा सहा वर्षांचा आरोप तुझ्याच हस्ताक्षरात मागे घेतला गेला असता. काल रात्रीचं जेवण मला गेलं नाही. आज सकाळी पोस्टाचं पाकीट आणलं.

तेव्हा तू बरोबर होतास. माझ्या नाकाखाली होतं. मला दिसलंही होतं. मी लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

आता हे सगळं वाचून सही ठेवायची असेल तर ठेव, नाहीतर फाडून टाक. मी पुन्हा मागणार नाही.

ताई


२४ सप्टेंबर

टिल्लू,

तुझ्याकडून काही आलं नाही. यायला हवं असं मी म्हणत नाही. हे पत्र सहीसाठी नाही, तुला पुढचं दुसऱ्या कुणाकडून कळू नये एवढ्यासाठी आहे.

परवा मी तो तक्ता मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. नात्याचं त्यांना आधीच माहीत होतं, रंगाचं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून वाचलं, पुन्हा लावून वाचलं. खूप रागावल्या. 'खोटी खूण केलीत, एक वेळ समजू शकते मी. पण काडी का नाही बुडवलीत?' असं त्यांनी तीन वेळा विचारलं. पहिल्या वेळी मी कारण सांगितलं. दुसऱ्या वेळी तेच कारण सांगताना माझी मलाच लाज वाटली. तिसऱ्या वेळी मी तक्त्यातल्या 'गडद' या शब्दावर बोट ठेवलं.

नमुने घेण्याच्या खोलीतून मला काढलं आहे. आता मी तळमजल्यावर फ्रीजरच्या नोंदी बघते. दिवसभर घूं-घूं आवाज असतो आणि बोलायला कुणी नाही. लोकांशी गप्पा मारत नमुना घेणं हेच मला या कामात आवडायचं. म्हातारी माणसं कप घेऊन लाजत उभी राहतात, त्यांना हसवायचं आणि काम उरकायचं. ते गेलं. योग्यच झालं, पण वाईट वाटतं ते वाटतंच.

नष्ट करायच्या नळ्यांची यादी आता माझ्याकडेच असते. तीस तारखेच्या पानावर एकच ओळ आहे. ती नळी काढून भट्टीच्या डब्यात टाकायची ती मलाच. कुणी मुद्दाम केलेलं नाही, कामच ते आहे.

तुझ्या लेकीने काल फोन केला नाही. तू सांगितलंस म्हणून, की तिची परीक्षा आहे म्हणून, हे मला कळायला मार्ग नाही. परीक्षा असेल तर तिला शुभेच्छा सांग.

ताई


३० सप्टेंबर, सकाळी सहा

टिल्लू,

तू आत झोपला आहेस आणि मी तुला चिठ्ठी लिहिते आहे. फ्रीजरचं तापमान सात वाजता नोंदवावं लागतं, म्हणून निघते. चहा थर्मासमध्ये आहे. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे, आत शोधत बसू नकोस.

काल दुपारी चार वाजता तू बॅगेशिवाय दारात उभा राहिलास आणि पहिलं वाक्य बोललास ते, 'तुमच्या लिफ्टचं दार अर्धवट लागलं तरी ती चालते. कुणी पास केली ही?' मग तू आत आलास, तो तक्ता टेबलावर ठेवलास आणि जे बोललास ते सगळं बोललास. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, माझ्या लक्षात आलं. बोललास ते मी मनाला लावून घेतलेलं नाही असं लिहिणार नाही. लागलं. पण सहा वर्षं काहीच न बोलण्यापेक्षा ते बरं होतं.

नंतर तू खुर्चीत बसून तुझ्या त्या लिफ्टचं सांगितलंस. दवाखान्यातली. तुझ्या हाताखालच्या माणसाने शेऱ्यात 'दोरखंडाचा आवाज येतो' असं लिहिलेलं, त्याखाली तुझी सही, आणि तीन आठवड्यांनी ती दोन मजले खाली आली. कुणी मेलं नाही, एका बाईचा पाय गेला. हे तू कधीच सांगितलं नव्हतंस. 'शेरा लिहिला की माणसाला वाटतं काम झालं,' असं तू म्हणालास आणि मी परत पाठवलेला सहीचा कागद खिशातून काढून टेबलावर पसरलास.

सहीखाली अटींची जागा असते. तिथे आजवर कुणी काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. तू लिहिलंस, 'तक्त्यात रंग आणि शेरा यांच्या पुढे एक रकाना वाढवावा: कोणाला कळवलं. नाव आणि वेळ. तो रकाना रिकामा असेल तर नमुना घेतला असं धरू नये. ही अट मान्य असेल तरच वडिलांचा नमुना वापरावा.' मग म्हणालास, 'हे तुझ्यासाठी नाही. उद्या दुसरी कुणी बसेल तिथे, तिच्यासाठी आहे.' बाई ही अट मान्य करतील. मी त्यांना ओळखते. कागद घडी करून तू स्वतःच्या खिशात ठेवलास, तेही बरोबर केलंस.

जेवताना तू विचारलंस, 'बाबांना कळलं होतं का, तू पाहिलं होतंस ते?' आणि मी पाणी आणायला उठले. परत आले आणि लेकीच्या परीक्षेचं काढलं. तूही मग विचारलं नाहीस.

कळलं होतं.

ऑक्टोबरातली गोष्ट. पोट शिवून चार दिवस झाले होते. तू रिपोर्ट आणायला खाली गेला होतास. ते छताकडे बघत म्हणाले, 'त्या दिवशी तू गंज म्हणालीस ना, तेव्हापासूनच असणार हे.' मी रडायला लागले तर म्हणाले, 'रडू नकोस, तो येईल इतक्यात. आणि त्याला हे सांगू नकोस कधी. तो डोक्यात राख घालून घेईल आणि तुझ्याशी बोलायचा नाही. मी गेल्यावर तुम्ही दोघंच आहात एकमेकांना.' मग तू आलास आणि त्यांनी तुला शब्दकोड्यातला आडवा सातवा विचारला.

म्हणून तू विचारलंस तेव्हा मी 'दिसण्यासारखं काही नव्हतं' असं म्हणाले. त्यात माझी भीती होतीच, सगळं बाबांवर ढकलत नाही. पण त्यांना दिलेला शब्दही होता. तुला उत्तर पटलं नाही आणि तू निघून गेलास. मी त्यांच्या कशाला कधी हो म्हटलं नव्हतं. लग्न त्यांच्या मनाविरुद्ध मोडलं, नोकरी त्यांच्या मनाविरुद्ध धरली. आयुष्यात त्यांचं एवढं एकच निमूट ऐकलं, आणि तेच नेमकं ऐकायला नको होतं.

हे काल तोंडाने सांगता आलं नाही. तू कागद समितीला देण्याआधी तुला माहीत असायला हवं, म्हणून लिहिते आहे. आता काही उरलेलं नाही, टिल्लू. एवढंच होतं.

समितीची खोली साडेदहाला उघडते. तुला रस्ता आठवत नसेल तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात विचार. मी दहापासून फाटकाशी उभी असेन. कागद आणलास तरी, न आणलास तरी. तू ये.

ताई